नाडी आणि यंत्र

दिल्ली, नोएडा, फरिदाबाद, गुरुग्राम या भागातील शाळांमध्ये अकरावीच्या विज्ञान शाखेचे दोन भाग पाडले जातात आणि त्यांना नावेही मोठी रोखठोक दिली जातात : ‘मेडिकल’ आणि ‘नॉन-मेडिकल’. जीवशास्त्र घेतले की विद्यार्थी मेडिकलचा, गणित घेतले की नॉन-मेडिकलचा. महाराष्ट्रात हीच विभागणी ‘पीसीबी’ आणि ‘पीसीएम’ अशा अक्षरांनी होते. नावे सौम्य असली तरी भिंत तीच. सोळाव्या वर्षी मुलाने किंवा मुलीने एकदा एका बाजूला पाऊल टाकले की दुसऱ्या बाजूचे दार बहुधा कायमचे बंद होते. ज्याला हृदय कसे चालते याचेही कुतूहल आहे आणि मोटार कशी फिरते याचेही, त्याने काय करावे, याचे उत्तर या दोन शब्दांत नाही.

या भिंतीच्या बरोबर मधोमध उभा असलेला एक पदवी अभ्यासक्रम आहे. जैववैद्यकीय अभियांत्रिकी, म्हणजेच बायोमेडिकल इंजिनिअरिंग. नाव भारदस्त असले तरी त्याची ओळख फार थोड्यांना आहे. नातेवाईक त्याला बायोटेक्नॉलॉजी समजतात, शेजारी त्याला निम्मी डॉक्टरकी समजतात. शहरातील सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर ‘बायोमेडिकल’ हा शब्द सर्वाधिक वेळा येतो तो रुग्णालयातील कचऱ्याच्या पिवळ्या डब्यावर, हे तर या विषयाचे खास दुर्दैव म्हणावे लागेल.

वस्तुतः हा विषय समजायला अवघड नाही. माणसाच्या छातीवर दोन पट्ट्या लावल्या तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक तेथे विजेचा एक सूक्ष्म दाब निर्माण होतो. तो असतो साधारण एक मिलिव्होल्ट. ज्या खोलीत रुग्ण झोपलेला असतो तिच्या भिंतींतून मात्र २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेत धावत असते. त्या गोंगाटातून हृदयाची कुजबूज वेगळी काढणे म्हणजे ईसीजी यंत्र. हॉलंडमधील विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे साधले आणि १९२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या यंत्राला खोली लागे. आज ते एका हाताने उचलता येते. अडचण मात्र तीच राहिली आहे, आणि ती सोडवण्यासाठी विद्युत परिपथही कळावा लागतो व हृदयही.

याहून अधिक बोलके उदाहरण गळतीच्या विजेचे आहे. साधारण एक मिलिअँपियर प्रवाह बोटातून गेला तर माणसाला जेमतेम मुंग्या आल्यासारखे वाटते. घरातील जुन्या फ्रिजला हात लावताना असा झटका अनेकांनी खाल्लेला असतो आणि तो हसण्यावारी नेलेला असतो. परंतु ज्या रुग्णाच्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत गेलेली आहे त्याच्या बाबतीत त्वचेचे संरक्षण उरत नाही. म्हणून हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत नेहमीच्या अवस्थेतील गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपियर इतकी ठेवलेली आहे, म्हणजे बोटाला जाणवणाऱ्या प्रवाहाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. उत्तम विद्युत अभियंत्याला ही मर्यादा ठाऊक असेलच असे नाही आणि उत्तम हृदयरोगतज्ज्ञाला ती मोजता येईलच असे नाही. या दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली तर तिची किंमत रुग्ण मोजतो.

दिल्लीत या रिकाम्या जागेची जाणीव फार लवकर झाली होती. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आयआयटी आणि एम्स, या दोन्ही श्री अरविंद मार्गावरच्या. आज मेट्रोने एम्सहून निघाले तर ग्रीन पार्क मागे टाकून हौज खास येते आणि प्रवास संपतो. एका टोकाला देशभरातून आलेले रुग्ण व पदपथावर पथारी टाकलेले त्यांचे नातेवाईक, दुसऱ्या टोकाला गणित आणि प्रयोगशाळा. या दोन संस्थांनी मिळून १९७१ साली जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे केंद्र स्थापन केले. त्या काळी देशात या विषयाचे नावही फारसे कुणी घेत नव्हते.

या केंद्राच्या उभारणीत सुजॉय गुहा यांचा वाटा मोठा होता. ते मुळात विद्युत अभियंते. शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली. एवढ्यावर न थांबता, दिल्लीत प्राध्यापक असताना त्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएसही पूर्ण केले. जो माणूस स्वतः इतरांना शिकवत आहे तो वयाने कितीतरी लहान मुलांच्या बाकावर पुन्हा विद्यार्थी म्हणून बसतो, ही गोष्ट कोणत्याही पदवीपेक्षा मोठी आहे. पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनवरील त्यांचे संशोधन १९७० च्या दशकात सुरू झाले आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील मानवी चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला २०२३ साल उजाडले. या क्षेत्रात येणाऱ्याने घड्याळ घरी ठेवून यावे, असेच जणू हा इतिहास सांगतो.

हे केंद्र मात्र दीर्घकाळ पदव्युत्तर शिक्षणाचे आणि संशोधनाचेच राहिले, आणि त्यामागे एक विचार होता. आधी एका विषयाचा पाया पक्का करावा, इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी किंवा वैद्यक यांपैकी काहीतरी एक नीट शिकावे आणि मग दुसऱ्याच्या अंगणात जावे. पदवीच्या चार वर्षांत थोडे परिपथ, थोडी शरीररचना, थोडे पदार्थविज्ञान, थोडे संगणक असे सारे कोंबले तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होईल, ही भीती आजही अनेक जाणकार बोलून दाखवतात. ती उडवून लावण्यासारखी नाही.

या मताला दिल्लीतच एक भक्कम आधारही सापडतो. २००५ च्या सुमारास आयआयटी दिल्लीतील पदवीच्या काही विद्यार्थ्यांनी, प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली, दृष्टिहीनांच्या पांढऱ्या काठीचा प्रश्न हाती घेतला. साध्या काठीला जमिनीवरचा खड्डा कळतो, पायरी कळते. परंतु रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकचा मागे आलेला फळा, उघडी खिडकी, झुकलेली फांदी तिला कळत नाही, आणि माणूस थेट कपाळावर आपटतो. विद्यार्थ्यांनी काठीच्या मुठीवर श्राव्यातीत ध्वनिलहरींचे उपकरण बसवले. तीन मीटरपर्यंतचा अडथळा ते ओळखते आणि मूठ थरथरते. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘सक्षम’ या संस्थेच्या साहाय्याने ती काठी अनेक दृष्टिहीन व्यक्तींच्या हाती देऊन पुन्हापुन्हा सुधारण्यात आली, चेन्नईच्या एका उद्योगाने तिचे उत्पादन उचलले आणि २०१४ साली ‘स्मार्टकेन’ या नावाने ती बाजारात आली. वर्गातल्या प्रकल्पापासून दुकानापर्यंत नऊ वर्षे लागली. ती घडवणाऱ्या चमूचा पाया संगणक, यांत्रिकी यांसारख्या रूढ शाखांचाच होता. मग जैववैद्यकीय नावाची वेगळी पदवी हवीच कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर तो अप्रस्तुत ठरणार नाही.

त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते जिल्हा रुग्णालयाच्या कोठारात मिळते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ साली सरकारी रुग्णालयांतील यंत्रांच्या देखभालीचा एक कार्यक्रम सुरू केला. त्याआधी देशात कोणत्या दवाखान्यात कोणते यंत्र आहे आणि ते चालते की नाही, याची एकत्रित नोंदच नव्हती. ती करण्यात आली, तेव्हा २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत होती सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. म्हणजे ज्या राज्याची स्थिती सर्वांत बरी तेथेही शंभरातली तेरा यंत्रे निरुपयोगी आणि जेथे वाईट तेथे तीनातले एक. या आकड्यांचा भागाकार केला तर आणखी एक गोष्ट उघड होते. एका उपकरणाची सरासरी किंमत साठ हजार रुपयांच्या आसपास येते. याचा अर्थ ही बहुतांशी अगम्य, महागडी यंत्रे नव्हेत. नवजात बालकाला ऊब देणारा पाळणा, प्राणवायूची मात्रा मोजणारे यंत्र, शस्त्रक्रियेचा दिवा, निर्जंतुकीकरणाची पेटी अशी ही रोजच्या वापरातली सामग्री आहे. कुठे फ्यूज उडालेला असतो, कुठे बॅटरी बसलेली असते, कुठे एखादी रबरी नळी फाटलेली असते. ते ओळखणारा माणूस तेथे नसतो, म्हणून यंत्रावर चादर पडते आणि आई बाळाला घेऊन मोठ्या शहराच्या गाडीत बसते. एम्सच्या बाहेरच्या गर्दीचे एक मूळ अशा चादरीखालीही असते.

२०२०-२१ च्या महासाथीने हे सारे उघड्यावर आणले. देशभर घाईघाईने व्हेंटिलेटर पोहोचवण्यात आले. काही ठिकाणी ते खोक्यांतच पडून राहिले, कारण ते जोडणारा, तपासणारा आणि परिचारिकांना शिकवणारा कुणी नव्हता. यंत्र विकत घेता येते आणि एका रात्रीत विमानाने आणता येते. माणूस घडायला चार वर्षे लागतात. देखभालीच्या या कामासाठी राज्यांनी आता बाहेरच्या कंपन्या नेमल्या आहेत आणि जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ चालू राहिलीच पाहिजेत अशी अट घातली आहे. अट उत्तम आहे. ती पाळणारे हात कोठून यायचे, हा शिक्षणाचा प्रश्न आहे.

आपल्या समाजात दुरुस्ती करणाऱ्याला दुय्यम मानण्याची खोड जुनी आहे. बी.टेक. झालेल्या मुलीने रुग्णालयाच्या तळघरात पेचकस हातात धरावा, हे घरच्यांना रुचत नाही. या अनास्थेला एका दुरुस्ती करणाऱ्याचीच गोष्ट सांगावी. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात अर्ल बॅकन नावाच्या तरुणाने १९४९ साली मोटार ठेवण्याच्या शेडमध्ये रुग्णालयांची यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय मांडला. त्या वेळी हृदयाला ठोके देणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि शस्त्रक्रिया झालेल्या बालकांचा जीव टांगणीला लागला. त्यांत एक बालक दगावल्याचे सांगतात. शल्यविशारद लिलेहाय यांनी बॅकनला विचारले, काही करता येईल का? बॅकनने एका मासिकात छापलेला, संगीताचा ताल देणाऱ्या यंत्राचा परिपथ शोधून काढला आणि सुमारे चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवता येईल असा पेसमेकर तयार केला. त्या शेडमधून पुढे मेडट्रॉनिक ही जगातील अग्रगण्य वैद्यकीय उपकरण कंपनी उभी राहिली. बॅकनला ते सुचले, कारण तो रोज वॉर्डात होता. कोणते यंत्र कुठे दगा देते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

दुसरा मुद्दा आपल्या लोकांच्या शरीराचा आहे आणि तो क्वचितच बोलला जातो. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर महासाथीत घरोघरी पोहोचला. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले : लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा आणि किती शोषला गेला ते पाहायचे. पण प्रकाश त्वचेतूनही जातो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये प्राणवायूची धोकादायक घट या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या कातडीच्या देशात हा आकडा विसरून चालणार नाही.

जे कातडीचे तेच बैठकीचे. परदेशी कृत्रिम पायाला बूट चढवावा लागे आणि तो घातलेल्या माणसाला मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा ‘जयपूर फूट’ तयार केला, तो या गरजेतून. रामचंद्र शर्मा यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती; त्यांच्याकडे मूर्तिकाराचे हात होते आणि पाय गमावलेला शेतकरी घरी जाऊन काय करतो हे पाहणारी नजर होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली, तेव्हा पहिले तीन आराखडे फसले. चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना तिने आधार दिला. परदेशी झडपेची किंमत ज्यांना परवडली नसती असे त्यांत किती असतील, हे सहज समजण्यासारखे आहे. तीन वेळा फसूनही त्या चमूला चौथ्या आराखड्यापर्यंत जाऊ दिले गेले, हीही त्या संस्थेची कमाईच.

तेव्हा या पदवीची गरज नाही असे म्हणता येत नाही. तिच्या सध्याच्या रूपाबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा विषय पदवीला शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. सोनिपतजवळच्या मुरथल येथील दीनबंधू छोटूराम विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा त्यांत समावेश होतो. मुंबईत वांद्र्याच्या थडोमल शहाणी महाविद्यालयाने हा विषय रुजवला. दूरवर राउरकेला आणि रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतही तो आहे. तरीही कितीतरी काळ या पदवीधरांना ‘गेट’ परीक्षेला बसायचे झाले तर स्वतःच्या विषयाची प्रश्नपत्रिकाच नव्हती. उपकरणशास्त्रासारख्या दुसऱ्या शाखेची प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली ती २०२० साली. म्हणजे दिल्लीचे केंद्र स्थापन झाल्यावर एकोणपन्नास वर्षांनी!

नोकरीचे चित्रही संमिश्र आहे. दिल्लीभोवती उद्योग आहेत. फरिदाबादजवळच्या बल्लभगढला १९५७ पासून सिरिंजा बनतात आणि महासाथीतील लसीकरणात तेथील सिरिंजांचा वाटा मोठा होता. यमुना द्रुतगती मार्गावर वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आखलेले आहे. २०१७ च्या नियमांनी उपकरणांचे धोक्यानुसार चार वर्ग पाडले. जीभ दाबायची पट्टी पहिल्या वर्गात तर हृदयाची झडप चौथ्यात. १ एप्रिल २०२० पासून तर सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. त्यामुळे चाचणी, मानके, परवाने यांची जाण असलेल्या अभियंत्यांना मागणी निर्माण झाली आहे. तरीही अनेक पदवीधरांच्या वाट्याला पहिली नोकरी येते ती परदेशी यंत्रे विकण्याची. विक्रीत कमीपणा नाही. पण ज्याने चार वर्षे यंत्राचे पोट उघडायला शिकले त्याला ते न उघडता त्याची स्तुती करण्याचे वेतन मिळावे, यात काहीतरी चुकते आहे खरे.

ही चूक दुरुस्त व्हायची तर अभ्यासक्रमाचे वजन हलवावे लागेल. पायाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मान्य करून पहिली दोन वर्षे गणित, परिपथ आणि यांत्रिकी कठोरपणे शिकवावे. त्यात सवलत नको. शरीरशास्त्र मात्र फळ्यावर शिकवून भागणार नाही. ज्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत रुग्णालय हा शब्द केवळ एखाद्या सहलीपुरता येतो त्या महाविद्यालयात हा विषय घेणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे शिकण्यासारखे आहे. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने वसतिगृहाची खोली आणि नोकरीची हमी यांची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी विचारावे, की चार वर्षांतले किती दिवस रुग्णालयात जातात, तेथे यंत्राला हात लावू देतात की लांबून दाखवतात, आणि शिकवणाऱ्यांत एक तरी डॉक्टर आहे का.

प्रवेशाच्या दारावरही थोडा विचार व्हायला हवा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली अभियांत्रिकीच्या पात्रतेचे विषय सैल केले आणि जीवशास्त्रालाही यादीत जागा दिली, तेव्हा गणिताशिवाय अभियंता कसा होणार म्हणून गहजब झाला. तो रास्तच होता. ईसीजीची लहर समजायला गणित लागते. पण गणित आणि जीवशास्त्र ही दोन्ही घेतलेला विद्यार्थी घडवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय निवडता येतात. मेडिकल आणि नॉन-मेडिकल यांच्यातली भिंत त्याच्या पुरती तरी उभी नाही.

मुरथलच्या विद्यापीठाला सोनिपतचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. तसे देशातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाला कुठले ना कुठले सरकारी रुग्णालय जवळच असते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण सत्र तेथे घालवून प्रत्येक यंत्राची नोंदवही तयार करावी : ते कधी आले, कधी बंद पडले, कशामुळे पडले, शेवटचे कोणी तपासले, आणि त्यावर चादर पडलेली असेल तर कधीपासून. गुण त्या नोंदवहीला द्यावेत, आणि चादर काढून यंत्र सुरू करून दिले तर दुप्पट.